दर सकाळी डिस्क १०० टक्के: कोणती सर्व्हिस बंद करावी, कोणतीला हात लावू नये

ग्रामपंचायतीतलं सेवा केंद्र असो, कृषी केंद्राचं बिलिंग असो की एखाद्या गुरुजींच्या घरचा जुना डेस्कटॉप, तक्रार एकच असते: "भाऊ, चालू तर होते, पण अर्धा घंटा काही कामच करू देत नाही." टास्क मॅनेजर उघडला की डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर अडकलेला, म्हणजे डिस्क पूर्ण वेळ कामात गुंतलेली दिसते. मग कोणीतरी जाणकार पोरगा येतो, पाच-पंचवीस सर्व्हिसेस, म्हणजे पडद्याआड आपोआप चालणारे प्रोग्रॅम, बंद करून जातो. काही आठवडे बरं चालतं आणि परत तेच सुरू होतं. कधी त्याहून वाईट होतं. वेग येतो, पण थंब मशीन ओळखत नाही, नाहीतर प्रिंट निघत नाही, आणि समोर पीक विम्याच्या अर्जाची रांग लागलेली असते.

या दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा "या सर्व्हिसेस बंद करा, कॉम्प्युटर सुसाट पळवा" अशी व्हॉट्सॲपवर फिरणारी यादी असते. यादी खोटी नसते, पण ती दुसऱ्याच कोणाच्या कॉम्प्युटरसाठी केलेली असते. त्याच्याकडे प्रिंटर नसतो, डिजिटल सहीचं (डीएससी) टोकन नसतं, थंब मशीन नसते आणि त्याची लाईन दिवसातून चारदा जात नाही. आपल्याकडे दिवसाचं काम ज्या चार-पाच सर्व्हिसेसवर चालतं, त्याच त्या यादीत 'अनावश्यक' म्हणून लिहिलेल्या असतात. म्हणून आधी डिस्क कोण खातंय ते पाहायचं आणि मग एकेक बंद करायचं. खालचं सगळं विंडोज १० आणि ११ ला धरून आहे. मेनूतली नावं दोन्हींत थोडी इकडेतिकडे असतात, गोष्ट तीच आहे.

डिस्कच आजारी नाही ना?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग डिस्क. इथे नुसते १०० टक्के पाहून उठू नका. खाली वाचण्या-लिहिण्याचा वेग आणि ॲव्हरेज रिस्पॉन्स टाईम हे दोन आकडे असतात. डिस्क १०० टक्के आहे आणि सेकंदाला दहावीस एमबीचं काम चाललंय, तर कोणीतरी खरंच काम करतंय. त्याला शोधता येतं. पण डिस्क १०० टक्के, वेग एक एमबीच्याही खाली आणि रिस्पॉन्स टाईम हजारो मिलिसेकंद, असं चित्र सारखं दिसत असेल तर संशय डिस्कवरच घ्या.

खात्री करायला इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा, विंडोज लॉग्समध्ये सिस्टम. तिथे सोर्स 'डिस्क' आणि इव्हेंट क्रमांक ७ असलेल्या नोंदी दिसल्या, तर डिस्कवर खराब ब्लॉक आहेत असा त्याचा अर्थ. अशा वेळी एकही सर्व्हिस बंद करत बसू नका. आधी लोकांची कागदपत्रं, स्कॅन, टॅलीचा डेटा दुसऱ्या डिस्कवर घ्या. यूपीएसची बॅटरी गेलेली आणि रोज लाईन गेली की कॉम्प्युटर धाडकन बंद, अशा ठिकाणी हे फार दिसतं. तिथे पहिला खर्च यूपीएसच्या बॅटरीचा करावा, मग बाकी सगळं.

एप्रिल-मे मधली गोष्ट वेगळी. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, खोलीला टिनाचं छप्पर असतं आणि कॅबिनेटच्या पंख्यात वर्षाची धूळ बसलेली असते. जिनिंगच्या जवळ असाल तर धुळीसोबत रुईचे तंतूही. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. सकाळी बरा चालणारा कॉम्प्युटर दुपारी दोनला रेंगाळत असेल, तर सर्व्हिसेस सोडा, ब्लोअर मारा.

कोण खातंय?

डिस्क ठीक असेल तर रिसोर्स मॉनिटर उघडा. स्टार्ट मेनूत नाव टाइप केलं की येतो. डिस्कच्या टॅबमध्ये 'टोटल'वर क्लिक केलं की जास्त खाणारा वर येतो. कॉम्प्युटर सुरू झाल्यापासून पहिली दहा मिनिटं नुसतं पाहत बसा, काही उघडू नका. आपल्याकडच्या ४ जीबी रॅम आणि जुन्या हार्ड डिस्कच्या मशीनवर बहुतेक वेळा हेच दिसतात: विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसची, म्हणजे डिफेंडरची, अँटीमालवेअर सर्व्हिस, विंडोज सर्चचा इंडेक्सर, सिसमेन, विंडोज अपडेट, आणि एखाददुसरा ब्राउझर किंवा फाईली ऑनलाईन ठेवणारं वनड्राइव्ह.

हे सगळे एकट्याने काम करतात तेव्हा काही बिघडत नाही. पण सकाळी सगळे एकदम उठतात आणि हार्ड डिस्कची सुई एकच असते. सकाळी रेशन दुकान उघडल्याबरोबर वीस जणांनी एकदम कार्ड पुढे करावं आणि माप एकाच माणसाच्या हातात असावं, तसं तिचं होतं. एसएसडीत, म्हणजे चिपवर चालणाऱ्या नव्या डिस्कमध्ये, सुईच नसते, म्हणून तीच सर्व्हिस तिथे जाणवतसुद्धा नाही. यादी बनवणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर फरक का पडला आणि तुमच्यावर का नाही, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

'सर्व्हिस होस्ट' नावाच्या साठ-सत्तर ओळी पाहून व्हायरस समजू नका. २०१७ मधल्या विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून, साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या मशीनवर विंडोज बहुतेक सर्व्हिसेस वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतं. आधी त्या गठ्ठ्याने चालायच्या, एवढाच फरक. उलट आता कोणती सर्व्हिस खातेय हे नावानिशी कळतं.

वेळ मोजायची असेल तर घड्याळ लावून बसायची गरज नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्स, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल असं खाली खाली जा. तिथल्या १०० क्रमांकाच्या नोंदीत बूटला, म्हणजे कॉम्प्युटर सुरू व्हायला, लागलेली वेळ मिलिसेकंदांत असते. १०१ क्रमांक ज्या प्रोग्रॅमनं वेळ लावला त्याचा, १०३ सर्व्हिसचा. बदल करण्याआधीचा आकडा वहीत लिहून ठेवा. नाहीतर "आता जरा बरं वाटून राह्यलं" एवढ्यावरच मोजमाप होतं, आणि असं वाटणं पैसे दिल्यावर तर हमखास येतं.

सर्व्हिसेसच्या आधी स्टार्टअप

हा भाग लोक सोडून देतात आणि खरा फायदा इथेच असतो. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये प्रत्येकासमोर 'इम्पॅक्ट' लिहिलेला असतो. हाय असलेले आधी बघा. वनड्राइव्ह वापरत नसाल तर बंद. चॅटची ॲप्स, मोबाईल जोडायची सॉफ्टवेअर्स, पीडीएफ वाचकाचा अपडेटर, सगळे बंद. यांना इथून बंद केल्याने ते नष्ट होत नाहीत, तुम्ही उघडाल तेव्हा उघडतात. एज ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये सिस्टम अँड परफॉर्मन्स इथे 'स्टार्टअप बूस्ट' आणि ब्राउझर बंद केल्यावरही एक्स्टेंशन्स चालू ठेवण्याचा पर्याय असतो. दोन्ही बंद करा. क्रोममध्येही बंद केल्यानंतर पार्श्वभूमीत चालू राहण्याचा असाच पर्याय सिस्टमखाली आहे.

आणि दोन अँटिव्हायरस. कॉम्प्युटर घेताना सोबत आलेला, मुदत संपून दोन वर्षं झालेला एक, आणि कोणीतरी नंतर टाकलेला दुसरा. दोघेही प्रत्येक फाईल उघडताना तपासतात. एक काढा, तोही कंट्रोल पॅनलमधून रीतसर अनइन्स्टॉल करून. विकतचा दुसरा नसेल तर विंडोजचा डिफेंडर पुरेसा आहे. डिफेंडर बंद करायच्या युक्त्या सांगणारे व्हिडिओ पाहू नका. ज्या कॉम्प्युटरवर गावभराचे आधार आणि बँक पासबुक स्कॅन होतात, तिथे ते परवडणार नाही.

बऱ्याच मशीन इथपर्यंतच सुधारतात. मग पुढे जायचं कारण उरत नाही.

हात लावण्याआधी

स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' टाइप करून ती खिडकी उघडा. वर ॲक्शन मेनूत 'एक्स्पोर्ट लिस्ट' आहे. त्याने आत्ताची सगळी यादी, कोणती ऑटोमॅटिक, कोणती मॅन्युअल, टेक्स्ट फाईलमध्ये उतरते. ती फाईल पेनड्राइव्हवर ठेवा आणि एक प्रिंटही काढा. दुसरं, रिस्टोअर पॉइंट, म्हणजे गरज पडली तर विंडोजला मागे नेता यावं म्हणून केलेली खूण. बऱ्याच मशीनवर सिस्टम प्रोटेक्शन मुळातच बंद असतं, ते सी ड्राइव्हसाठी सुरू करून पॉइंट तयार करा. सर्व्हिसेसच्या सेटिंग्ज रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, असतात, त्यामुळे पॉइंटवर मागे गेलं की त्याही मागे जातात.

एखाद्या सर्व्हिसवर डबल क्लिक केलं की स्टार्टअप टाईप दिसतो. ऑटोमॅटिक म्हणजे बूटसोबत सुरू. डिलेड स्टार्ट म्हणजे साधारण दोन मिनिटांनी, म्हणजे सुरुवातीची गर्दी ओसरल्यावर. मॅन्युअल म्हणजे कोणी मागितली तर सुरू. डिसेबल्ड म्हणजे कोणी कितीही मागितली तरी नाही. मला विचाराल तर डिसेबल्ड हा शेवटचा पर्याय. शंका असेल तिथे मॅन्युअल करा. एखाद्या प्रोग्रॅमला तीच सर्व्हिस लागली तर तो स्वतः उठवतो. डिसेबल्ड केलेली उठवता येत नाही आणि मग १०५८ क्रमांकाची एरर येते. १०६८ दिसली तर तुम्ही बंद केली ती वेगळीच, पण ही सर्व्हिस तिच्यावर अवलंबून होती. म्हणून बदलण्याआधी त्याच खिडकीतला डिपेंडन्सीज टॅब पाहायचा. खालच्या चौकटीत लांबलचक यादी असेल तर गुपचूप कॅन्सल करा.

एका वेळी एकच सर्व्हिस बदला. बदलली की रिस्टार्ट. लक्षात घ्या, शट डाऊन करून परत बटण दाबणं आणि रिस्टार्ट एकच नाही. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं आहे. ते चालू असेल तर शट डाऊन करताना विंडोज स्वतःचा गाभा आणि चालू सर्व्हिसेस डिस्कवर जशाच्या तशा लिहून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तेच उचलतं. त्यामुळे सर्व्हिस डिसेबल्ड केली, रात्री बंद करून घरी गेलो, सकाळी पाहतो तर ती चालूच, असा प्रकार होतो. रिस्टार्टला मात्र सगळं नव्याने सुरू होतं. लाईन अचानक गेल्यावर पुढचा बूट नेहमीपेक्षा रखडतो, त्यातही याचा हात आहे. लिहून ठेवायला वेळच मिळालेला नसतो, म्हणून पूर्ण बूट होतो.

काय बंद करता येईल

'कनेक्टेड यूजर एक्सपिरियन्सेस अँड टेलिमेट्री' बिनधास्त बंद करा, रोजच्या कामाला तिच्यावाचून अडत नाही. 'डाऊनलोडेड मॅप्स मॅनेजर'सुद्धा, विंडोजचे ऑफलाईन नकाशे आपल्यात कोणी वापरत नाही. यादीत 'फॅक्स' नावाची सर्व्हिस दिसली तर तीही.

सिसमेन, म्हणजे पूर्वीची सुपरफेच. ही तुम्ही नेहमी वापरता ते प्रोग्रॅम आधीच रॅममध्ये आणून ठेवते. कल्पना चांगली आहे, पण ४ जीबी रॅम आणि हळू डिस्क असेल तर तिची तयारीच तुमच्या कामाच्या आड येते. रिसोर्स मॉनिटरमध्ये ती वर दिसत असेल तरच थांबवा, आठवडाभर पाहा, फरक नसेल तर परत ऑटोमॅटिक करा. एसएसडीवर तिला तशीच राहू द्या.

विंडोज सर्चचं जरा नीट बघू. ही फाईलींची नावं आणि मजकूर वाचून अनुक्रमणिका बनवते. घरच्या कॉम्प्युटरवर हे काम एकदा संपतं. सेवा केंद्रात संपत नाही, कारण दिवसभर डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉपवर नवे स्कॅन पडत असतात. सर्व्हिस डिसेबल्ड करण्यापेक्षा कंट्रोल पॅनलमधल्या इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये जाऊन स्कॅनचं फोल्डर यादीतून काढा. किंवा स्कॅनसाठी डी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करा, तो ड्राइव्ह सहसा इंडेक्समध्ये नसतोच. एवढं करून भागलं नाही तर मग सर्व्हिस बंद करा. स्टार्ट मेनू तरीही चालतो, फक्त फोल्डरमध्ये फाईल शोधायला वेळ लागतो. फाईलला शेतकऱ्याचं नाव आणि गट नंबर देऊन ठेवायची सवय असेल तर शोधायची वेळ कमीच येते.

इंटरनेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असेल तर डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये 'दुसऱ्या पीसीवरून डाऊनलोड' हा पर्याय बंद करा. तो चालू असला की तुमचा कॉम्प्युटर दुसऱ्यांना अपडेटचे तुकडे पाठवू शकतो, तेही तुमच्या दिवसाच्या डेटातून. सर्व्हिसला हात लावायची गरज नाही, सेटिंग्जमधलं बटण पुरतं.

याद्यांमध्ये हमखास असणाऱ्या एक्सबॉक्सच्या चार सर्व्हिसेस, रिटेल डेमो, विंडोज इनसायडर या मुळातच मॅन्युअल असतात. कोणी गेम खेळत नाही तोवर त्या झोपलेल्या असतात आणि काही खात नाहीत. रिमोट रजिस्ट्री तर आधीपासूनच डिसेबल्ड असते. म्हणजे यादीची लांबी वाढते, पण डिस्कला त्याचा काही उपयोग नाही.

कशाला हात लावू नये

प्रिंट स्पूलर. २०२१ च्या जुलैत 'प्रिंटनाइटमेअर' नावाची मोठी सुरक्षा त्रुटी निघाली तेव्हा मायक्रोसॉफ्टनेच पॅच, म्हणजे दुरुस्ती, येईपर्यंतचा एक उपाय म्हणून ही सर्व्हिस बंद करायला सांगितलं होतं. पॅच लगेच आला, पण सल्ला याद्यांमध्ये राहून गेला. झेरॉक्स-प्रिंटचा धंदा असेल तर ही बंद करणं म्हणजे शटर ओढणं. घरी प्रिंटर नसला तरी 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' याच सर्व्हिसवर चालतं. हो, प्रिंट अडकून बसली असेल तर मात्र हीच सर्व्हिस थोडा वेळ थांबवायची. सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाईली काढायच्या आणि ती परत सुरू करायची. त्यासाठी कॉम्प्युटर बंद-चालू करायची गरज नाही.

थंब मशीनची आरडी सर्व्हिस. आधारवर चालणाऱ्या कामात पोर्टलचं पान थेट मशीनशी बोलत नाही. ते याच कॉम्प्युटरवर चालणाऱ्या आरडी सर्व्हिसला ११,१०० ते ११,१२० यांपैकी एका पोर्टवर हाक मारतं, सर्व्हिस बोटाचा ठसा घेते, कुलूपबंद करते आणि परत देते. सर्व्हिस बंद असेल तर मशीनचा लाल दिवा पेटतो, ड्रायव्हर ठीक दिसतो, तरी पोर्टल म्हणतं डिव्हाइस सापडत नाही. लोक मग केबल बदलतात, मशीन दुरुस्तीला पाठवतात. सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये 'हाईड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'वर टिक करून 'डिसेबल ऑल' दाबायची एक लोकप्रिय युक्ती आहे. तिचा पहिला बळी हीच सर्व्हिस ठरते, कारण ती मायक्रोसॉफ्टची नसते. त्या यादीतलं प्रत्येक नाव वाचून मगच टिक काढा.

स्मार्ट कार्ड आणि सर्टिफिकेट प्रोपगेशन. नाव ऐकून वाटतं, आपल्याकडे कुठलं कार्ड? पण डीएससीचं यूएसबी टोकन विंडोजला स्मार्ट कार्डच वाटतं. ग्रामपंचायतीत सरपंच किंवा ग्रामसेवकांची डिजिटल सही होत असेल, दुकानाचं जीएसटी टोकनवर असेल, तर या दोन्ही सोडून द्या. क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेसलाही त्याच कारणाने हात नको.

विंडोज टाईम. ही मोठ्या ऑफिसच्या नेटवर्कसाठी आहे असं सांगून बंद करायला लावतात. आपल्याकडे तिची गरज उलट जास्त. जुन्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर२०३२, संपलेली असते. लाईन गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. वेबसाईटच्या सर्टिफिकेटला सुरुवातीची आणि संपायची तारीख असते. कॉम्प्युटरच्या मते ती तारीख अजून यायचीच असली की ब्राउझर पान उघडू देत नाही. सगळी सरकारी पोर्टल्स एकदम बंद, व्हॉट्सॲप वेब बंद, आणि खापर नेटवर. सर्व्हिस चालू ठेवा, तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये 'सिंक नाऊ' दाबा आणि किरकोळ किमतीची ती बॅटरी बदलून टाका.

मराठी टाइप करत असाल तर 'टच कीबोर्ड अँड हँडरायटिंग पॅनल' सर्व्हिस. विंडोज ११ मध्ये तिचं नाव 'टेक्स्ट इनपुट मॅनेजमेंट' झालं आहे. स्क्रीन टचची नाही म्हणून लोक बंद करतात आणि मग सर्चच्या चौकटीत अक्षर उमटत नाही, कीबोर्डची भाषा बदलत नाही.

'रिमोट प्रोसिजर कॉल'मधला 'रिमोट' वाचून कोणी बाहेरून आत शिरेल म्हणून घाबरू नका. विंडोजचे भाग आपसात याच्यावरूनच बोलतात, आणि ही सर्व्हिस बंद करायचा पर्यायच तिथे पुसट केलेला असतो. रजिस्ट्रीतून घुसून ती बंद करणारे महाभाग आहेत. त्यांचं काम शेवटी फॉर्मॅट मारण्यावर येतं. डीएचसीपी, डीएनएस, वायफायची डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग, ऑडिओ, इव्हेंट लॉग, प्लग अँड प्ले, हे सगळे याच घरातले.

आणि विंडोज अपडेट. डेटा खाते हे खरं, हॉटस्पॉटवर फारच. पण सर्व्हिस मारण्यापेक्षा वायफायच्या गुणधर्मांत जाऊन कनेक्शन 'मीटर्ड', म्हणजे मोजक्या डेटाचं, करा. बहुतेक मोठी डाऊनलोड्स थांबतात. हंगामात, अर्जांची शेवटची तारीख जवळ आली की अपडेट पॉज करा. जास्तीत जास्त ३५ दिवस मिळतात. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा कार्यक्रमात नाव नोंदवलेल्या घरगुती मशीनना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पॅच मिळतात. डिफेंडरची व्हायरस ओळखायची माहिती मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. तीही याच वाटेने येते, म्हणून वाट बंद करू नका.

तरी परत का येतं

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे विंडोजचं मोठं वार्षिक अपडेट. त्यात काही सर्व्हिसेस मूळ जागी जातात, वनड्राइव्हसारखी मंडळी स्टार्टअपमध्ये परत येऊन बसतात. इलाज एवढाच की अपडेटनंतर एक्स्पोर्ट केलेली यादी आणि वही घेऊन एकदा नजर टाकायची.

विंडोज अपडेट डिसेबल्ड करूनही चालू होते, त्यामागे 'विंडोज अपडेट मेडिक सर्व्हिस' आहे. अपडेटचे भाग मोडलेले दिसले की दुरुस्त करणं हेच तिचं काम. तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही, मीटर्ड आणि पॉज हे रस्ते आहेतच.

काही नावांच्या शेवटी खालची रेघ आणि विचित्र अक्षरं-आकडे दिसतील. या प्रत्येक यूजरच्या लॉगइनसोबत नव्याने तयार होणाऱ्या सर्व्हिसेस आहेत. आज बंद केली ती उद्या वेगळ्या आकड्याने उभी राहते. त्यांच्या मागे लागू नका.

ब्राउझर, पीडीएफ वाचक, प्रिंटरचं सॉफ्टवेअर यांचे अपडेटर सर्व्हिससोबत टास्क शेड्युलरमध्येही नोंद करून ठेवतात. इथून हाकललं की तिथून येतात. टास्क शेड्युलरच्या लायब्ररीत वरच्याच पातळीवर त्यांची नावं दिसतात. तिथे राईट क्लिक करून डिसेबल करा, पण मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरमध्ये शिरू नका. ब्राउझरचा अपडेटर मात्र ठेवा. बँकेची आणि सरकारी कामं जुन्या ब्राउझरवर करणं धोक्याचं आहे.

एखादी मॅन्युअल केलेली सर्व्हिस 'रनिंग' दिसली तर तेही बंड नाही. तिच्यासमोर 'ट्रिगर स्टार्ट' लिहिलेलं असेल, म्हणजे काही घडलं की ती उठते, काम करून झोपते.

बिघडलंच तर

नेट गेलं, आवाज गेला, पिनने लॉगइन होत नाही, अशा वेळी आठवा शेवटची कोणती बदलली. एकेक करत आला असाल तर उत्तर वहीतच आहे. डेस्कटॉपपर्यंत पोहोचताच येत नसेल तर लॉगइनच्या स्क्रीनवर शिफ्ट दाबून धरा आणि पॉवरच्या चिन्हातून रिस्टार्ट करा. निळी स्क्रीन येते, तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. तिथूनच रिस्टोअर पॉइंटवर जाता येतं किंवा सेफ मोडमध्ये उघडून सर्व्हिस परत ऑटोमॅटिक करता येते. इंटरनेटवरून उतरवलेली 'डीब्लोट', म्हणजे विंडोजमधलं बरंच काही एकदम काढून टाकणारी, स्क्रिप्ट ॲडमिन म्हणून चालवली असेल तर मात्र नेमकं काय बदललं हे कळायला मार्गच नसतो, म्हणून ती भानगड नको. दुकानातून टाकून मिळणाऱ्या 'लाइट' विंडोजचंही तसंच. कोणी काय काढलं आणि काय घातलं हे कोणालाच माहीत नसतं.

हे सगळं करूनही ४ जीबी आणि जुनी हार्ड डिस्क रखडत असेल तर सर्व्हिसेसमध्ये आता आणखी काही मिळायचं नाही. रॅम ८ जीबी करा आणि साटा एसएसडी टाका. दोन्हींपैकी एकच जमत असेल तर आधी एसएसडी. रॅम घेण्याआधी बोर्ड डीडीआर३ चा आहे की डीडीआर४ चा ते बिल पाहून किंवा विचारून घ्या, दोन्हींच्या खाचा वेगळ्या असतात. आणि दुकानदाराला नवीन विंडोज टाकू नको, जुनी डिस्कच क्लोन, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, करून दे असं सांगा, अर्थात जुनी डिस्क धड असेल तर. क्लोन केलं की थंब मशीनची आरडी सर्व्हिस, टोकनचा ड्रायव्हर, मराठी कीबोर्ड आणि प्रिंटर आहे तसे येतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्र उघडता येतं.